पीठमामा पहाटे चारला कुठे जातात

आमच्या गल्लीतला बेकरीवाला रोज पहाटे चारला पेटती भट्टी सोडून एका बाईकडे जातो, ही बातमी मला तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीबाईंनी दिली. गॅलरीबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. शाळा सुटली, पण हजेरी घ्यायची सवय सुटली नाही. त्यामुळे आता त्या गॅलरीत बसून गल्लीची हजेरी घेतात, आणि झोप कमी असल्याने पहाटेपासून घेतात. त्यांचं म्हणणं असं, की हा माणूस एप्रनसकट बाहेर पडतो, खाली मान घालून झपाझप रस्ता ओलांडतो आणि थोड्या वेळाने तसाच परत येतो.

"पण बाई, रस्ता ओलांडून तो आपल्याच इमारतीत येतो ना? राहतोच की इथे, माझ्या शेजारी," मी म्हटलं.

"तेच तर," बाई म्हणाल्या. "घरी तो सहानंतर जातो. चारला येतो, म्हणजे ती आपल्याच इमारतीत आहे."

आता आमच्या इमारतीत संशय घ्यावा अशा वयाच्या बायका मोजक्याच, आणि त्यांतली एक माझी. घरी येऊन मी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. तिने भाजी निवडता निवडता मान वर न करता सांगितलं, "पहाटे चारला कोणी पावाची अख्खी गाडी घेऊन आला तरी मी दार उघडणार नाही. झोपेपुढे मला कोणी नाही. तुम्हीसुद्धा." संशय फिटला.

अफवा मी काढलेली नव्हती. थोडी पुढे सरकवली असेन. शेजाऱ्याने तेवढंही करायचं नाही तर मग शेजारी भिंत बरी. फिरत फिरत ती आठवड्याभरात बेकरीच्या काउंटरवर पोचली, आणि काउंटरवर बसते बेकरीवाल्याची बायको. मी नेमका टोस्ट घ्यायला उभा होतो.

"खरं आहे ते," ती टोस्ट पुडक्यात भरत म्हणाली. "रोज चारला एका मुलीकडे जातात. पंधरा वर्षांची आहे. माझीच आहे. तिचं बोट टोचून रक्तातली साखर बघतात आणि परत भट्टीवर येतात. गॅलरीबाईंना कळवा, आणि तुमच्याकडे सुटे असतील तर बघा."

माझ्याकडे सुटे होते. मी ते दोनदा मोजून दिले.

तर ह्या बेकरीवाल्याला गल्लीतली पोरं पीठमामा म्हणतात. उंची बेताची, पोट कामापुरतं, भुवया कायम पांढऱ्या. म्हातारपण नव्हे, मैदा. लग्नाच्या फोटोतही त्याच्या कानामागे पीठ आहे असं त्याची बायको सांगते आणि फोटो दाखवून सिद्धही करते. बोटं अशी जाड, की त्याला मोबाइलवर एक आकडा दाबायचा असला तर तीन दाबले जातात. पण तीच बोटं पिठाच्या गोळ्यात रुतवून तो सांगतो, "हा अजून झोपलाय," किंवा "हा उठला, चला." पिठाशी तो जेवढं बोलतो तेवढं माणसांशी बोलत नाही. बायकोला आम्ही मामी म्हणतो, आणि बोलण्याचं खातं तिच्याकडे आहे.

त्याचा दिवस आपल्या उलटा. लोक जेवून आडवे होतात तेव्हा तो मैदा चाळायला घेतो. पहाटे पावाचे साचे भट्टीत गेले की मधल्या वेळात गोड बनचं काम: गरम बनवर कुंच्याने साखरेचा पाक फिरवायचा, वर पिठीसाखर भुरभुरवायची. सहाला बेकरी उघडते, तेव्हा मामी काउंटर सांभाळते आणि तो घरी जाऊन झोपतो. तो झोपतो तेव्हा मुलगी शाळेत. ती घरी येते तेव्हा तो घोरत असतो. तो उठतो तेव्हा तिची शिकवणी. एका छपराखाली राहून बापलेकीची गाठ आठवड्याच्या सुट्टीला, म्हणजे सोमवारीच काय ती पडायची.

मुलीचं गल्लीतलं नाव वकीलबाई. वाद घालण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. अकरा वर्षांची असताना ती एकाएकी वाळायला लागली आणि तांबेच्या तांबे पाणी प्यायला लागली. तपासणीत निघालं, की तिच्या स्वादुपिंडाने इन्सुलिन बनवणं बंद केलंय. टाइप वन मधुमेह. आता बेकरीवाल्याच्या मुलीला मधुमेह म्हटल्यावर गल्लीला बोलायला केवढं रान मोकळं. "लहानपणी केक फार खाऊ घातले," हा निकाल तर दुसऱ्याच दिवशी लागला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की ह्या प्रकाराचा खाण्याशी संबंध नाही. शरीर स्वतःच स्वतःच्या त्या पेशी मारून टाकतं, कोणाचा दोष नाही. तरी पीठमामाने केक करणं बंद केलं. आठवडाभर काचेचं कपाट रिकामं. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, तू केक बंद केलेस म्हणून माझं स्वादुपिंड चालू होणार नाहीये. आणि माझ्या मैत्रिणीचा वाढदिवस आहे."

केक सुरू झाले. इंजेक्शनं, जेवणाचा हिशेब, दवाखाना, शाळेला समजावणं, सगळं मामीने अंगावर घेतलं. पीठमामा भट्टीपाशी उभा राहून विचारायचा, "आज कशी आहे?" मामी सांगायची, "बरी आहे." संपलं त्याचं काम.

मुलगी पंधराची झाली आणि सकाळी घोटाळा सुरू झाला. रात्री झोपताना साखर अगदी शहाण्यासारखी, एकशे तीसच्या आसपास. मध्ये काही खाल्लेलं नाही. सकाळी उठून बघावं तर अडीचशे. डोकं जड, तोंडाला कोरड, स्वभाव असा, की तिला शुभ सकाळ म्हणायचीही आमची हिंमत होईना. पहिल्या दोन तासांत शिक्षक काय शिकवतात ते तिला फळ्यापलीकडून ऐकू यायचं. मामीला वाटलं, पोरगी रात्री उठून खाते. तिने बिस्किटांच्या कपाटाला कुलूप घातलं.

"बेकरी माझ्या बापाची आहे," वकीलबाई म्हणाली. "मला चोरायचंच असेल तर मी तुझी ती मऊ पडलेली बिस्किटं चोरीन?"

युक्तिवाद बिनतोड होता. मामीने कुलूप काढलं आणि तिघंही डॉक्टरीणबाईंकडे गेली. पीठमामा झोप मोडून गेला, आणि खुर्चीत पेंगू नये म्हणून उभाच राहिला.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते मामीने मला काउंटरवर जसंच्या तसं सांगितलं. पहाटे आपलं शरीर उठायची तयारी करतं. काही संप्रेरकं सोडतं, यकृत साखर बाहेर काढतं, म्हणजे उठल्या उठल्या अंगात ताकद असते. तुमचं माझं स्वादुपिंड तेवढं इन्सुलिन सोडून ती साखर आवरतं. हिचं आवरत नाही. त्यात वाढीचं वय, म्हणून पहाटेची उसळी जास्त मोठी.

"पण मी अंदाजाने डोस वाढवणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रात्रीचं इन्सुलिन मुळातच कमी पडतंय, की रात्रभर ठीक असून फक्त पहाटे चढतंय, की मध्ये कुठे साखर खूप उतरतेय, हे आधी कळायला हवं. म्हणजे काही दिवस पहाटे चारच्या सुमाराला बोट टोचून बघायला लागेल. मला माहितीये, आईची झोपमोड होणार—"

"मी जागाच असतो," पीठमामा म्हणाला.

त्या खोलीत तो बोलला ते एवढंच. पण मामी सांगते, जिना उतरताना माणूस शीळ घालत होता.

तर असा तो चारला घरी यायला लागला. पाव भट्टीत, बनला पाक लावून झालेला, हात एप्रनला पुसायचे, रस्ता ओलांडायचा, दार आवाज न करता उघडायचं. मुलगी झोपलेली. तिचा हात पांघरुणातून अलगद बाहेर काढायचा, बोट आपल्या दोन बोटांत धरायचं, टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा. पोरीला जागही यायची नाही. कणकेचा गोळा न दुखवता उचलणारी बोटं ती. आकडा मामीला सकाळी सांगायचा, आणि दिवसभर असा रुबाबात घोरायचा, की भिंतीपलीकडून मला कळायचं, आज माणसाने काम केलंय.

आकडे मात्र वाईट येत होते. चारलाच सव्वादोनशे, अडीचशे. डॉक्टरीणबाईंनी हिशेब केला: चारलाच एवढी असेल तर उसळीचा प्रश्न पुढचा, आधी रात्रीचं इन्सुलिनच कमी पडतंय. झोपतानाचा डोस थोडा वाढवला. चारचा आकडा हलेना. अजून थोडा वाढवला. तरी तेच. गंमत अशी, की फक्त सोमवारी, बेकरी बंद असायची तेव्हा, सवयीने चारला उठून तो टोचायचा आणि आकडा चांगला यायचा.

"बाप घरी असला की लेकरू निवांत झोपतं," मामी म्हणाली.

"म्हणजे बाप हेच औषध," मी म्हटलं. "बाटलीत भरून ठेवा."

आम्ही हसलो. डॉक्टरीणबाईंना मात्र तो सोमवार खटकत होता. त्यांनी डोस आणखी वाढवायला नकार दिला आणि आठवड्याने परत यायला सांगितलं. त्या आठवड्यातच झालं जे व्हायचं ते.

पीठमामा चारला टोचून गेला. आकडा दोनशे चाळीस. तो गेल्यावर थोड्याच वेळात वकीलबाईला जाग आली ती थरथरत. अंग घामाने चिंब, छाती धडधडतेय, ओठ बधिर. ही लक्षणं तिला पाठ आहेत: साखर उतरलीय. तिने हाततोंड धुतलं, पुसलं आणि स्वतः टोचून पाहिलं. अठ्ठावन्न. उशाशी ठेवलेला फळांचा रस तिने घटाघटा प्यायला आणि मग आईला हाक मारली. दोघी पंधरा मिनिटं एकमेकींचा हात धरून बसल्या, परत टोचलं, आकडा वर आला.  

सहाच्या सुमाराला मी पहिल्या पावासाठी बेकरीत होतो. गरम पाव आणि गरम बातमी तिथे एकाच वेळी निघते. मायलेकी घरातल्याच कपड्यांत आत शिरल्या. वकीलबाईच्या हातात ते टोचायचं यंत्र.

"बाबा, चारला किती आलं होतं?"

"दोनशे चाळीस. का?"

"आणि मला नंतर अठ्ठावन्न. एवढ्या वेगाने तर आपली लिफ्टही उतरत नाही."

पीठमामाच्या हातातला कुंचा खाली आला. "यंत्र बिघडलं असेल," तो म्हणाला.

"मग बघू. टोच मला. रोज टोचतोस तसंच."

त्याने हात एप्रनला पुसले, तिचं बोट दोन बोटांत धरलं, टोचलं. तीनशेच्या वर. तिने तिथल्याच नळावर साबणाने हात धुतले, कोरडे केले, स्वतः टोचलं. एकशे चाळीस. मग तिने बापाच्या हातांकडे पाहिलं. पाकाने बोटं चकाकत होती. नखांत पिठीसाखर. एप्रन तर असा, की वाळत घातला असता तर मुंग्यांनी मोर्चा काढला असता.

"आता तू तुझं टोच," ती म्हणाली. "न धुता."

त्याने टोचलं. यंत्राने आकडाच दाखवला नाही. मापात मावत नाही एवढंच म्हणालं.

"अभिनंदन," वकीलबाई म्हणाली. "तुलाही झाला. आता हात धू आणि परत टोच."

धुतल्यावर पंच्याण्णव. मी पाव हातात धरून उभा होतो, आणि तो गार होतोय हे मला कळत नव्हतं. रोज पहाटे तिचं स्वच्छ बोट हा माणूस आपल्या साखरेच्या चिमटीत धरत होता. यंत्र बिचारं रक्तात बनचा पाकही मोजत होतं. टोचण्याआधी हात धुवा, हे ह्या घराला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण हात म्हणजे मुलीचे. बापाच्या हातांचा विचार कोणी कशाला करील? आणि सोमवारी त्याच्या हातांना पाक नसायचा.

पीठमामा मैद्याच्या गोणीवर बसला. "मी तिला जास्त इन्सुलिन द्यायला लावलं," तो म्हणाला. एकदाच. 

मामी घाबरलेली होती, आणि घाबरली की ती कठोर होते. "उद्यापासून तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. "मी गजर लावीन."

डॉक्टरीणबाईंना फोन झाला. त्यांनी डोस त्याच दिवशी मूळ जागी आणला आणि साफ हातांनी पुन्हा चारचे आकडे घ्यायला सांगितले. पीठमामाबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, की ही चूक मी पुस्तकात वाचली होती, बेकरीत पाहिली नव्हती.

पुढचे दिवस गल्लीने करपलेला पाव खाल्ला. टोस्ट असा निघाला, की माझी एक दाढ अजून त्याचं नाव काढते. खरं कळूनही गॅलरीबाईंचा अहवाल जुन्याच भाषेत आला: "आता जात नाही तो. फिसकटलं वाटतं." पण त्यांनीच पुढे सांगितलं, आणि सांगताना आवाज जरा खाली आणला, की चारला तो बेकरीच्या दारात येतो, रस्त्याच्या कडेला उभा राहतो आणि वर खिडकीकडे बघतो. दिवा लागतो, विझतो, मग आत जातो. एकदा दिवा लागायला उशीर झाला तर माणूस अर्धा रस्ता ओलांडून आला आणि तसाच मागे फिरला.

उशीर गजरामुळे व्हायचा. मामीच्या गजराने आमचं घर उठायचं, वरचं घर उठायचं, खालच्या मजल्यावरचं कुत्रं उठायचं. मामी उठायची नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी वकीलबाईने घरात खटला चालवला. जिन्याचं दार उघडं होतं, मी बूट पुसत होतो, त्यामुळे सुनावणी मला नाइलाजाने ऐकावी लागली.

"आई, तुझा हात झोपेत थरथरतो. काल तू मला दोनदा टोचलंस आणि पट्टीवर थेंब घेतलाच नाहीस."

"शिकेन मी."

"बाबाला येतं. त्याने फक्त हात धुवायचे आहेत. माणसाला काढून टाकायचं कारण नाही, साखर काढून टाकायची आहे."

मामीने आधी दोन भांडी आपटली. मग म्हणाली, "मला त्या आकड्याची भीती वाटते गं."

"मलाही," वकीलबाई म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा पंधरा वर्षांच्या मुलीचा वाटला. "म्हणूनच म्हणते, बाबा येऊ दे."

अटी ठरल्या. एप्रन बेकरीत राहील. हात तिथे एकदा आणि घरच्या बेसिनवर एकदा, कोपरापर्यंत, साबणाने. टोचण्याआधी मुलीचं बोटही ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं. पीठमामाने सगळ्या अटी मान हलवून मान्य केल्या आणि एक स्वतःची जोडली: कुंच्याचं काम परत आल्यावर. म्हणजे गोड बन आता सातनंतर मिळायला लागले. गल्लीने कुरकुर केली. मामीने काउंटरवरून सांगितलं, ज्यांना घाई आहे त्यांनी साधा पाव खावा.

खरे आकडे आले तेव्हा चित्र स्वच्छ दिसलं. रात्रभर साखर सपाट, चारलाही एकशे वीसच्या आगेमागे, आणि तिथून सकाळपर्यंत चढण. म्हणजे पहिल्या दिवशी सांगितलेली पहाटेची उसळीच ती. रात्रीचा डोस वाढवून उपयोग नव्हता. त्याने मधली रात्र धोक्यात येत होती. डॉक्टरीणबाईंनी पंप सुचवला. कमरेला लावायची एवढीशी डबी, दिवसरात्र थेंब थेंब इन्सुलिन सोडते, आणि पहाटेपुरतं जास्त सोड असं तिला सांगून ठेवता येतं. नाश्त्याचं इन्सुलिनही घास तोंडात घालायच्या जरा आधीच घ्यायचं ठरलं. पंपाबरोबर दंडावर चिकटवायची चकती आली. ती साखर सतत बघते, उतरली तर ओरडते आणि आकडा घरच्यांच्या मोबाइलवर पाठवते.

रोजची सकाळ सोन्याची झाली असं काही नाही. परीक्षा आली की आकडा वर, सर्दी झाली की वर, आणि कधी कधी काही कारण नसताना, नुसता मूड म्हणून वर. पण बहुतेक सकाळी वकीलबाई शुद्धीवर असते, पहिल्या तासाला फळा तिला दिसतो, आणि जिन्यात ती माझ्याशी आपणहून भांडते. आम्हाला शुभ सकाळ मिळाली.

पीठमामाचा मोबाइल भट्टीपासून लांब, एका फळीवर उभा करून ठेवलेला असतो. त्यावर आकडा हलतो. कोणाला कुठे जायची, टोचायची गरज उरलेली नाही. आणि तरीही गॅलरीबाईंची हजेरी सांगते, की चारला बेकरीचं दार उघडतं. माझ्या वयाला पहाटे उठणं आपोआप होतं, म्हणून मी एकदा खिडकीतून स्वतःच पाहिलं. एप्रन नाही, बाह्या कोपरापर्यंत वर, हात ओले. खाली मान, झपाझप. फरक एवढाच, की परत यायला आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी पाव घेताना मी काउंटरवर वाकलो आणि आवाज मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल एवढा ठेवला. "काय मामा, आता यंत्रच सगळं करतं म्हणे. मग चारला घरी काय काम असतं?"

पीठमामाने साचा आपटून पाव बाहेर काढला, खालून टिचकी मारून ऐकला आणि माझ्या हातात दिला.

"काहीच काम नसतं," तो म्हणाला. "आधी बोट बघून पळायला लागायचं. आता पोरगी बघायला मिळते."